रेडिओबाईंची रेघ

सायकलच्या कारखान्यात तिला तिच्या नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळे तिला रेडिओ म्हणत. सकाळी आठला हजेरीचं कार्ड मशीनमध्ये घातलं की ती सुरू व्हायची आणि साडेचारच्या भोंग्याला बंद व्हायची. नवे कामगार थोडं भीतभीत तिला रेडिओबाई म्हणत, आणि आठवड्याभरात त्यातलं ‘बाई’ गळून पडे. तिला याचा कधी राग आला नाही. उलट एखाद्या दिवशी ती रजेवर असली की दुसऱ्या दिवशी विचारायची, “काल कंटाळा आला असेल ना रे तुम्हाला?” आणि खरंच आलेला असायचा.

तिचं काम स्टिकर चिकटवण्याचं. रंगून, भट्टीतून वाळून आलेली फ्रेम तिच्या टेबलावर यायची. मग कंपनीचं चिन्ह पुढे, मॉडेलचं नाव मधल्या दांडीवर आणि बाजूंनी रंगीत पट्ट्या. वीस वर्षं हेच. बोलता बोलता चिकटवला तरी तिचा स्टिकर कधी वाकडा गेला नाही, त्यामुळे तिच्या तोंडाच्या पट्ट्याला कुणी आडकाठी केली नाही.

तिच्या टेबलापासून चार हातांवर आबांचं टेबल होतं. आबा म्हणजे कारखान्यातले शेवटचे रेघवाले. बाकी सगळ्या सायकलींना पट्टीचे स्टिकर आले, पण एक जुनं काळं मॉडेल होतं, जाड, दणकट, पूर्ण चेनकव्हरचं, आणि ते मागणारी हट्टी गिऱ्हाईकं अजून शिल्लक होती. त्या सायकलीवरच्या सोनेरी रेघा आबा हाताने ओढत. अठरा रेघा. बोटाएवढ्या लांब केसांचा ब्रश एनॅमलच्या रंगात बुडवायचा, करंगळी कडेला टेकवायची आणि एका दमात रेघ संपवायची. ब्रश मधेच उचलून पुन्हा टेकवला की तिथे रंगाची बारीक गाठ बसते. तिला सांधा म्हणायचं. आबांच्या रेघेला सांधा नसे. सगळ्यात अवघड रेघ मागच्या मडगार्डची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातभर लांब आणि वर गोलाई.

आबा दिवसाला दहाएक शब्द बोलत, त्यातले चार ‘हं’ असत. वीस वर्षं रेडिओला वाटत होतं की आपल्या दोघांच्या छान गप्पा चालतात. आबांना काय वाटत होतं, ते आबांनी कधी सांगितलं नाही.

एके दिवशी साहेब आले. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, “आबा सहा महिन्यांनी निवृत्त होतायत. त्यानंतर काळ्या सायकलीलाही पट्टी लावू. हे टेबल काढून तिथे कपाट ठेवू.”

आबांनी मान हलवली. ब्रश धुतला. पुसला. आणि का कोण जाणे, तो रोजच्यासारखा डब्यात ठेवायच्या ऐवजी हातातच धरून बसले. रेडिओने ते पाहिलं. ती काही ठरवून बोलणारी बाई नव्हतीच. तोंडातून निघून गेलं, “कपाट कशाला? मी घेईन की हे टेबल!”

सगळं खातं हसलं. पॅकिंगवाला म्हणाला, “अगं रेडिओ, रेघ ओढताना तोंड बंद ठेवावं लागतं!” त्यावर पुन्हा हशा. साहेबसुद्धा हसले, पण मग घड्याळ बघत म्हणाले, “ठीक आहे. आबांच्या शेवटच्या दिवशी एक अख्खी सायकल. अठरा रेघा, एकही सांधा नको. जमलं तर टेबल तुमचं. नाही जमलं तर कपाट.”

घरी गेल्यावर तिने ही बातमी दारातूनच दिली. नवरा बेकरीत कामाला होता. पहाटे साडेतीनला उठून जायचं आणि रात्री नऊला गाढ झोपायचं, हे त्याचं आयुष्य. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, “छान. म्हणजे आता अर्धी सायकल घरात येणार.”

त्याचं बरोबर होतं, तेच तर टोचलं. या घरात तिच्या अर्ध्या गोष्टींचं एक कपाटच होतं. एका बाहीचा स्वेटर. टायपिंगचं पुस्तक, ज्यात डाव्या हाताचे धडे तेवढे झिजलेले. पोहण्याचा क्लास तिने तरंगायला आल्यावर सोडला होता. म्हणजे ती बुडणार नव्हती, पण कुठे पोचणारही नव्हती. लेक कॉलेजात होती, तिने आईला मिठी मारली आणि विचारलं, “आई, किती दिवस पैज लावू?” सगळे हसले. तीही हसली. पण भांडी घासताना तिच्या मनात आलं की आपण चव्वेचाळीस वर्षांच्या झालो आणि ‘हे मी केलं’ असं बोट ठेवून दाखवायला आपल्याकडे एकही अख्खी वस्तू नाही.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती आबांच्या टेबलावर बसू लागली. शिकवायचं कसं हे आबांना ठाऊक नव्हतं. ते म्हणत, “बघ,” आणि रेघ ओढत. ती बघायची, आणि बघता बघता शेजारणीच्या मांजराची गोष्ट सांगायची. रेघ संपलेली असायची, मांजर अजून जिन्यातच असायचं. स्वतः ओढायला घेतली की रेघ साप चालल्यासारखी जायची. हात थरथरायचा, अर्ध्यावर दम तुटायचा आणि ब्रश उचलला जायचा.

तिसऱ्या आठवड्यात तिने एक शक्कल लढवली. मागच्या मडगार्डवर जिथे लाल रिफ्लेक्टर बसतो, नेमका तिथेच सांधा घेतला. वर रिफ्लेक्टर लावून टाकला आणि मोठ्या ऐटीत आबांपुढे मडगार्ड धरलं. आबांनी ते उजेडाकडे तिरकं केलं. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, रिफ्लेक्टर सोडवला आणि तिच्या तळहातावर ठेवला. ती कानापर्यंत लाल झाली. त्या दिवशी दुपारभर रेडिओ बंद होता, आणि खात्यातल्या चार जणांनी तिला बरं नाही का म्हणून विचारलं.

त्याच महिन्यात कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी आली. आता एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्या कारखान्यात एक पक्का समज होता की रेघ श्वास रोखून ओढायची. पॅकिंगवाल्यापासून वॉचमनपर्यंत कुणालाही विचारा, हेच सांगत. म्हणून रेडिओ श्वास रोखायचा सराव करत होती, बसमध्ये, आंघोळीत, फ्रीजसमोर. एक्स-रेवाला म्हणाला, “छाती भरून श्वास घ्या आणि रोखा.” हिने रोखला. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली आणि ‘सोडा’ म्हणायचं राहून गेलं. तो परत येऊन बघतो तर बाई जांभळी पडत चाललेली, डोळे बाहेर, आणि बोटांवर मोजणं चालू. “अहो सोडा, सोडा!” तो ओरडला. “बेचाळीस,” ती धापा टाकत म्हणाली, “उगाच ओरडलात, पन्नास झाले असते.”

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिला हात पुढे करायला लावले आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडला.

“चहा किती?”

“होतात की चार-पाच.”

“खरं सांगा.”

“अकरा.”

“सकाळी काय खाता?”

“चहा.”

“झोपता कधी?”

इथे तिने छताकडे पाहिलं. नवरा नऊला झोपला की मोबाइल तिचाच, आणि एकामागून एक मालिका बघताना घड्याळाकडे कोण बघतं! डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या नाहीत. तो कागदच घडी करून तिच्या हातात दिला. “रोज सकाळी बोटांवर ठेवा. फडफडायचा थांबला की मला दाखवायला या.”

तिने चंग बांधला. अकरा चहाचे तीन केले, आणि पहिल्या आठवड्यात डोकं असं ठणकलं की ती लेकीवर, नवऱ्यावर आणि एकदा बसच्या कंडक्टरवर खेकसली. सकाळी अंडं-ब्रेड खाऊ लागली. चौथ्या मजल्यावरचं घर, पण लिफ्टकडे पाठ फिरवली. आधी दुसऱ्या मजल्यावर बसायची, मग तिसऱ्या, मग नुसतीच कठड्याला टेकायची. दहाला मोबाइल लेकीच्या खोलीत जमा होऊ लागला. “आता कळेल तुला, मला कसं वाटायचं ते,” लेक म्हणाली, आणि आईने तिला एकेकाळी केला होता तसा कडक चेहरा करून मोबाइल कुलपात टाकला.

महिन्याभराने कागद कमी फडफडू लागला. दोन महिन्यांनी नुसताच कडांना हलायचा. दांड्यांवरच्या आखूड रेघा जमू लागल्या. पण मडगार्डची लांब रेघ काही ऐकेना. आता तर ती पन्नासपर्यंत श्वास रोखू शकत होती, रेघेला लागत जेमतेम वीस. तरी मधेच कुठेतरी एक लाट उठायची. छाती गच्च भरलेली, कानात धडधड, आणि ती धडधड थेट ब्रशच्या टोकाला. नाकी नऊ आले. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी ती घरी आली, लिफ्टने आली, आणि म्हणाली, “सोडलं मी. कपाट येऊ दे. छान मोठं कपाट.” आणि तिने लागोपाठ दोन चहा घेतले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची सुट्टी होती. ती उठून स्वयंपाकघरात आली तर हा टेबलाशी बसलेला, अंगात तो एका बाहीचा स्वेटर. एक हात लोकरीत, दुसरा उघडा. शांतपणे ब्रेडला लोणी लावत होता.

“हे काय ध्यान!”

“थंडी वाजते. अर्धी.”

तिला हसू फुटलं. हसता हसता राग आला, आणि रागावता रागावता डोळे भरून आले, ते तिने भांड्याकडे तोंड करून पुसले. “काढा तो,” ती म्हणाली. तो म्हणाला, “एका अटीवर.” अट त्याने सांगितली नाही, तिनेही विचारली नाही. तिने बोटांवर कागद ठेवून पाहिला, अंडं खाल्लं आणि जिना उतरून कामावर गेली.

आणि मग तिचा घसा बसला. साधा सर्दी-खोकला, पण आवाज असा गेला की तोंडातून नुसती हवा. कारखान्यात सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पॅकिंगवाल्याने मेणबत्ती लावू का म्हणून विचारलं. जेवणाच्या सुट्टीत ती आबांसमोर स्टुलावर बसली. बोलता येत नव्हतं, मग करायचं काय? ती बघू लागली. वीस वर्षांत पहिल्यांदा नुसती बघू लागली.

आबांनी ब्रश भरला. करंगळी टेकवली. रेघ निघाली. आणि रेडिओला दिसलं की आबांच्या पांढऱ्या मिशीचे केस हलतायत. अगदी बारीक, पण रेघ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, एकसारखे. ती स्टूल ओढून जवळ गेली. दुसरी रेघ. पुन्हा मिशी हलली. आबा श्वास रोखत नव्हतेच! ते तो सोडत होते, हळूहळू, संथपणे, आणि हात त्या श्वासाबरोबर जात होता.

तिने स्टिकरच्या मागचा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, ‘तुम्ही श्वास सोडता??’

आबांनी वाचलं. “हं,” म्हणाले.

पाच महिने! बसमध्ये, आंघोळीत, एक्स-रेच्या मशीनसमोर जांभळी होईपर्यंत! तिने कपाळावर हात मारला. ओरडायची फार इच्छा झाली, पण आवाज कुठे होता? मग ती मुकाट्याने ब्रश घेऊन बसली. हळू श्वास सोडत पहिली रेघ ओढली. लाट आली, पण लहान. श्वास एकदम सुटत होता, त्याला लगाम हवा होता. चार दिवसांनी आवाज परतला तेव्हा लगाम आपसूकच सापडला. श्वास सोडायचा म्हणजे काय, बोलायचंच की! एवढं तर तिला जन्मभर येत होतं. फक्त मांजराबद्दल नाही बोलायचं. रेघेबद्दल बोलायचं. ती ब्रश टेकवून पुटपुटू लागली, “निघालो बाई आपण, हळूच, चढ आला, घाई नाही, वळायचं, वळलो, आता उतार, कुणी ढकलत नाहीये, दिसतंय टोक, पोचलो.” एका श्वासात एक वाक्य, एका वाक्यात एक रेघ. जिन्यांनी दिलेला दम पुरत होता, हात कागदाने स्थिर केला होता, आणि मन पहिल्यांदाच तिथे होतं जिथे ब्रश होता.

आबांचा शेवटचा दिवस उजाडला. काळी फ्रेम स्टँडवर चढली. दुपारपर्यंत सतरा रेघा झाल्या आणि आबांनी सतरा वेळा ‘हं’ म्हटलं. जेवणानंतर सगळं खातं गोळा झालं, साहेबही घड्याळ सावरत आले. उरलं मागचं मडगार्ड.

“निघालो बाई आपण,” तिने सुरुवात केली. कुणीतरी खुदकन हसलं, पण तिला ऐकू आलं नाही. चढ आला. वळण आलं. आणि वळताना तिची नजर क्षणभर वर गेली. खुंटीवर आबांची पिशवी होती, भरलेली, त्यात त्यांचा पेला आणि जुना टॉवेल. उद्या ती खुंटी रिकामी असणार होती. तिचा श्वास अडखळला. ब्रश केसभर उचलला गेला, पुन्हा टेकला, आणि रेघ टोकाला पोचली.

टाळ्या पडल्या. “वा!” साहेब म्हणाले. “अप्रतिम. एकही सांधा नाही.”

आबा खिडकीबाहेर बघत होते.

सांधा कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. योगायोग बघा, रिफ्लेक्टर बसतो नेमका तिथेच. लाल काच वर चढली की तो कुणाला दिसणार नव्हता, ना साहेबांना, ना गिऱ्हाइकाला. टेबल तिचं झालंच होतं. साहेबांनी तर हात पुढे केला होता.

तिने टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि अख्खी रेघ पुसून टाकली.

“अहो, हे काय केलंत!” साहेब ओरडले. “मी पास केलं होतं!”

“सांधा होता साहेब.”

“मला तर दिसला नाही.”

“मला दिसला,” ती म्हणाली. “आणि उद्यापासून या टेबलावर बघायला मीच असणार आहे. असले तर.”

कुणी हसलं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि, त्यांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, ते मनगटावर पालथं फिरवलं. तिने मडगार्ड कोरडं केलं. ब्रश धुतला, भरला. डाव्या हाताची बोटं पुढे धरून पाहिली, कागद नव्हता तरी. मग करंगळी टेकवली आणि बोलू लागली, इतकं हळू की फक्त शेजारी उभ्या आबांना ऐकू गेलं असेल. चढ आला. वळण आलं. या वेळी तिने पिशवीकडे पाहिलं नाही. पिशवीबद्दल दुःख करायला नंतर वेळ होता, आणि तिने ते नंतर पोटभर केलंही. उतार. टोक. पोचली.

आबांनी मडगार्ड उजेडाकडे तिरकं केलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. परत पाहिलं. खातं श्वास रोखून उभं होतं, सगळं चुकीच्या पद्धतीने.

“हं,” आबा म्हणाले. मग आपला ब्रश डब्यातून काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. जिथे त्यांनी एकदा रिफ्लेक्टर ठेवला होता तिथेच.

गर्दी पांगली. पॅकिंगवाला जाताना “रेघवाल्या बाई” म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. दोघंच उरल्यावर तिला तो पाच महिन्यांचा राग आठवला. “आबा, एक विचारू? मी बाथरूममध्ये नाक दाबून बसत होते. तुम्ही एका शब्दाने सांगितलं का नाही, की श्वास सोडायचा असतो?”

“तू विचारलंस कुठे?” आबा म्हणाले. “आणि विचारायचीस तेव्हा उत्तरही तूच द्यायचीस.”

तिने स्टूल आबांकडे सरकवलं.

मग आबा स्टुलावर बसले आणि म्हणाले की ते स्वतः पहिल्या वर्षी श्वास रोखून रोखून याच टेबलावर चक्कर येऊन पडले होते, रंगाच्या डब्यात, आणि आठ दिवस त्यांचा एक कान सोनेरी होता. तिला हसू आवरेना, पण ती मधे बोलली नाही. मग त्यांनी आपल्या गुरूबद्दल सांगितलं, मग पहिल्या बिनसांध्याच्या रेघेबद्दल, मग ती कुणाच्या सायकलवर गेली त्याबद्दल. साडेचारचा भोंगा झाला. कामगार निघाले, दिवे एकेक करून बंद झाले. आबा अजून बोलत होते, आणि रेडिओ ऐकत होती.